झोपलेलं वायरलेस उपकरण जागं करण्याचं पेटंट: २००३ च्या आधीचं प्रायर आर्ट हवंय

चैत्रपालवी (मूळ प्रश्न)

नमस्कार. लांबलचक लिहितेय, पण तपशील दिल्याशिवाय मदत मागण्यात अर्थ नाही.

आम्ही तिघं मिळून बॅटरीवर चालणारे तापमानाचे सेन्सर बनवतो. फर्मवेअर माझ्याकडे असतं. दोन एए सेलवर सेन्सर काही वर्षं चालायला हवा, म्हणून रेडिओ जवळजवळ सगळा वेळ बंद ठेवावा लागतो. दर दोन सेकंदांनी तो काही मिलिसेकंद उठतो, हवेत काही आहे का ते बघतो आणि नसेल तर परत झोपतो. गेटवेला त्याच्याशी बोलायचं असेल तर त्याने दोन सेकंदांहून जरा जास्त वेळ सलग हाक मारत राहायचं. सेन्सर कधीही उठला तरी हाक चालूच असते, त्यामुळे ती चुकत नाही. दोघांची घड्याळं जुळवायची भानगड नाही.

मागच्या महिन्यात आमच्या एका अमेरिकी ग्राहकाला पत्र आलं की हे एका अमेरिकी पेटंटचं उल्लंघन आहे, परवाना घ्या. ग्राहकाने पत्र आमच्याकडे पाठवलं. पाठवणाऱ्याचं नाव आणि पेटंटचा क्रमांक वकिलांच्या सांगण्यावरून इथे देत नाही. तात्पुरता अर्ज सप्टेंबर २००४ चा आणि पूर्ण अर्ज सप्टेंबर २००५ चा आहे. पहिल्या क्लेमचा, म्हणजे पेटंट नेमका कशावर हक्क सांगतं त्या कलमाचा, मथितार्थ माझ्या शब्दांत असा:

अ) उपकरण ठरावीक अवधीने रेडिओ थोडा वेळ चालू करून वाहिनी तपासतं;
आ) त्याला जागं करणारा संदेश त्या झोपेच्या अवधीपेक्षा जास्त काळ पाठवला जातो, आणि दोघांची घड्याळं जुळलेली नसतात;
इ) संदेशात पत्ता असतो, पत्ता आपला नसेल तर उपकरण परत झोपतं;
ई) आपला असेल तर उत्तर पाठवतं.

हे तंत्र त्याआधीच माहीत होतं (यालाच प्रायर आर्ट म्हणतात) हे दाखवलं तर पेटंट पाडता येतं, म्हणून मी स्वतः तीन गोष्टी शोधल्या. पहिली, झोपलेल्या संगणकाला नेटवर्कवरून उठवणारं १९९५ चं मॅजिक पॅकेट, म्हणजे सहा वेळा एफएफ आणि त्यापुढे सोळा वेळा कार्डाचा पत्ता, एकूण १०२ बाइट. दुसरी, १९९७ चं वायफायचं ८०२.११ मानक. त्यात ॲक्सेस पॉइंट झोपलेल्या स्टेशनची पाकिटं राखून ठेवतो आणि 'तुझं काहीतरी आलंय' हे बीकनमधून, म्हणजे ठरावीक वेळाने सोडायच्या छोट्या संदेशातून, कळवतो. तिसरी, बी-मॅक, म्हणजे सेन्सर नेटवर्कमधल्या रेडिओने कधी झोपायचं आणि कधी ऐकायचं हे ठरवणारी पद्धत. बी-मॅकचा निबंध वाचताना तर माझेच कोड कुणीतरी आधी लिहून ठेवलंय असं वाटलं. आठ रात्री बसून मी त्याचा क्लेमच्या प्रत्येक तुकड्याशी जुळणारा तक्ता केला. चारही घरं भरली.

एवढ्यावर काम भागेल का? की आणखी काही शोधायला हवं?

कागदोपत्री

चैत्रपालवी, तुमची मेहनत दिसतेय, म्हणून स्पष्ट सांगतो. तक्त्याची रीत बरोबर आहे, पण कागद चुकीचा निवडला गेलाय. बी-मॅक सेन्सिस परिषदेत नोव्हेंबर २००४ मध्ये आलं. तुमच्या पेटंटचा तात्पुरता अर्ज त्याच्या दोन महिने आधीचा आहे.

मी बरीच वर्षं पेटंट शोधाचं काम करतोय आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जाताना मी इथेच पाहिलाय. माणूस आधी साम्य बघतो आणि तारीख नंतर. क्रम उलटा ठेवा. २०१३ च्या मार्चच्या आधीच्या अमेरिकी अर्जांना जुना कायदा लागू होतो. त्या कायद्यात भक्कम मर्यादा एक वर्षाची आहे: अर्जाच्या तारखेच्या एक वर्षाहून आधी छापून प्रसिद्ध झालेला कागद असेल तर 'मी त्याआधीच शोध लावला होता' असं अर्जदाराला म्हणता येत नाही. म्हणजे तुमच्यासाठी सप्टेंबर २००३. त्या आणि अर्जाच्या तारखेच्या मधल्या वर्षातला कागदही चालू शकतो, पण तिथे अर्जदार आपल्या जुन्या वह्या पुढे करून निसटू शकतो.

आता तुमच्या बाकीच्या दोन गोष्टी. मॅजिक पॅकेटमध्ये झोपतो तो संगणक. नेटवर्क कार्ड अखंड ऐकत असतं, त्यामुळे 'अ' तिथेच पडतो. ८०२.११ मध्ये स्टेशन स्वतःच्या घड्याळाने बीकनच्या वेळेला उठतं. त्याला कुणी उठवत नाही, ते वेळेवर उठून विचारतं. क्लेममधले 'घड्याळं जुळलेली नसतात' हे शब्द कदाचित याच मानकाला चुकवायला नंतर घातले असावेत असा माझा कयास आहे.

तो खरा का, हे बघायला दोन कामं करा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून या अर्जाची संपूर्ण फाइल उतरवा. परीक्षकाने काय आक्षेप घेतले, अर्जदाराने काय उत्तर दिलं, क्लेम कधी आणि कसा बदलला, शेवटी परीक्षकाने मंजुरीचं कारण काय लिहिलं, हे सगळं त्यात असतं. आणि तात्पुरता अर्जही वाचा. मुख्य पेटंटने त्याची तारीख मागितली असेल तर तोही लोकांसाठी खुला असतो. क्लेममधली प्रत्येक गोष्ट त्या तात्पुरत्या अर्जात लिहिलेली आहे का ते तपासा. एक जरी नसेल तरी तारखेचं सगळं गणित बदलतं.

चैत्रपालवी

तारीख मी बघितली होती, पण निबंधाचं वर्ष २००४ आणि पूर्ण अर्ज २००५ एवढंच डोक्यात होतं. आठ रात्री गेल्या त्या गेल्या.

फाइल उतरवली. तीनशेच्या वर पानं आहेत, दोन दिवस वाचत होते. तुमचा कयास अगदी बरोबर निघाला. परीक्षकाने पहिल्यांदा ८०२.११ दाखवून क्लेम नाकारला. त्यावर अर्जदाराच्या वकिलांनी दोन गोष्टी घातल्या: संदेश झोपेच्या अवधीपेक्षा लांब असणं आणि घड्याळं जुळलेली नसणं. सोबतच्या निवेदनात त्यांनी लिहिलंय की आधीच्या कुठल्याही पद्धतीत लांब संदेशाने झोपेचा अवधी झाकलेला नाही. पुढच्या फेरीत परीक्षकाने मंजुरी दिली आणि कारण म्हणून हाच मुद्दा लिहिला.

म्हणजे सगळं 'आ' वर टेकलेलं आहे. घड्याळं न जुळवता, झोपेपेक्षा लांब हाक. २००३ च्या आधी हे कुणीतरी छापून ठेवलं असणारच, अशी माझी खात्री आहे. पण शोध घेताना मी 'सेन्सर नेटवर्क' याच शब्दाभोवती फिरतेय.

काटाहलला

तुमचा 'आ' वाचला आणि राहवलं नाही. एरवी मी इथे फक्त वाचतो.

नव्वदच्या दशकात मी पेजरचे रिसीव्हर बोर्ड तपासायचं काम केलं. एका सेलवर पेजर महिनाभर चालायचा. तो कसा चालतो, हे आमच्या बाकावर डोळ्यांनी दिसायचं. सेलच्या मार्गात काट्याचा मिलिॲमीटर जोडला की काटा तळाशी पडून असायचा आणि साधारण दर सेकंदाला कुणी टिचकी मारल्यासारखा उडायचा, की परत तळाशी. तेवढ्या टिचकीत पेजर उठून हवेत काही आहे का ते ऐकत असे. मग मी जनरेटरवरून संदेश सोडायचो. सुरुवात एक-शून्य-एक-शून्य अशा नुसत्या घरघरीने, त्याला आम्ही प्रीॲम्बल म्हणायचो. पुढची टिचकी आली की काटा वर जाऊन तिथेच थांबायचा. पेजरला हाक ऐकू आली! मग सिंकचा, म्हणजे घड्याळ जुळवणारा, कोडवर्ड मिळाला की काटा पुन्हा खाली, आणि त्यानंतर फक्त आपल्या फ्रेमच्या वेळेला एक छोटी उडी.

हे पॉक्सॅग. ब्रिटिश टपाल खात्याच्या पुढाकाराने ठरलेला संकेत, आणि सीसीआयआर या रेडिओच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने तो १९८२ मध्ये शिफारस ५८४ म्हणून जगासाठी छापला. आता आकडे बघा, कारण तुमचं सगळं त्यातच आहे.

वेग सेकंदाला ५१२ बिट. एक बॅच म्हणजे ३२ बिटांचा सिंक कोडवर्ड आणि त्यापुढे आठ फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन कोडवर्ड. म्हणजे सतरा कोडवर्ड, ५४४ बिट, १.०६२५ सेकंद. आणि सुरुवातीचा प्रीॲम्बल किमान ५७६ बिटांचा, म्हणजे १.१२५ सेकंद. ५७६ हा आकडा कुठून आला? ५४४ अधिक ३२. एका बॅचची लांबी अधिक एक कोडवर्ड. मानकात हे कारण असंच लिहिलेलं आहे, मी मनाचं सांगत नाही. पेजर बॅचएवढा वेळ झोपला तरी प्रीॲम्बल त्या झोपेपेक्षा एका कोडवर्डने लांब, म्हणून तो कधीही उठला तरी सापडणारच. आणि या टप्प्यावर पेजर आणि ट्रान्समीटर यांची घड्याळं जुळलेली नसतात. ती जुळवायलाच तर प्रीॲम्बल आणि सिंक असतात.

'इ' सुद्धा बघा. पेजरच्या क्रमांकाला आठने भागून जी बाकी उरते, तो त्याचा फ्रेम. फक्त त्या १२५ मिलिसेकंदांत तो पत्ता वाचतो. पत्ता आपला नसला की झोप. स्कोपवर पल्स बॅचच्या सुरुवातीपासून किती लांब आहे ते बघून आम्ही क्रमांकाची बाकी सांगायचो.

एक प्रसंग सांगतो. एकदा एका खेपेतले पेजर चार दिवसांत सेल संपवू लागले. संदेश सगळे नीट येत होते, तक्रार फक्त सेलची. मीटर लावला तर काटा मधेच वर जाऊन दोन-तीन सेकंद तिथेच अडकायचा, हवेत काहीही नसताना. साध्या गोंगाटालाच तो प्रीॲम्बल समजत होता, आणि सिंक मिळत नाही हे कळूनही वेळेवर झोपत नव्हता. उठवणं सोपं असतं हो. चुकीच्या हाकेला परत झोपवणं, त्यातच सगळी कारागिरी होती. त्यासाठी आम्ही तीन आठवडे झगडलो. म्हणून 'आधीच्या कुठल्याही पद्धतीत नाही' हे वाक्य वाचून मला मनापासून वाईट वाटलं. पेजर विभागातल्या पोरासोरांनाही हे माहीत होतं.

कागदोपत्री

काटाहलला, या धाग्यातला सगळ्यात मौल्यवान प्रतिसाद तुमचा. चैत्रपालवी, फाइलमध्ये परीक्षकाने पाहिलेल्या कागदांची यादी असते, तीत पेजरविषयी काही आहे का? नसेल तर फारच चांगलं. परीक्षकाने आधी तोलून बाजूला ठेवलेला कागद पुन्हा नेला तर तो मागे सारला जाण्याची शक्यता मोठी असते.

आता मी तुमच्या विरोधी बाजूने बोलतो, कारण ते बोलणारच आहेत. पॉक्सॅगचा पेजर उत्तर देत नाही. तो फक्त ऐकतो. म्हणजे 'ई' नाही. एकाच कागदात चारही तुकडे, तेही क्लेममध्ये जसे जोडलेत तसेच जोडलेले असतील, तरच 'हा शोध नवा नाही' असं म्हणता येतं. तीन असतील तर मुद्दा 'उघड होतं का' याकडे जातो. तो कमकुवत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर, त्या विषयातल्या सामान्य कारागिराने दोन माहीत असलेल्या गोष्टी जोडल्या आणि फळही अपेक्षितच मिळालं तर ते शोध म्हणून टिकणं कठीण झालंय. तरी जोडायला कारण दाखवावं लागतं.

दुसरी खाच 'इ' मध्ये आहे. पत्ता 'जागं करणाऱ्या संदेशात' असायला हवा. ते म्हणतील, पॉक्सॅगमध्ये जागं करतो तो प्रीॲम्बल, त्यात पत्ता नाही, पत्ता नंतर येतो. इथे एक प्रश्न तुम्हालाच विचारतो: तुमच्या सेन्सरमध्ये पत्ता कुठे आहे?

चैत्रपालवी

यादीत पेजर कुठेच नाही! ४१ कागद आहेत, सगळे वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाइल फोनचे.

आमचा पत्ता हाकेच्या शेवटी असतो. आधी दोन सेकंदांची घरघर, तिच्यामागून लगेच पत्ता आणि आज्ञा. काटाहलला यांच्या पेजरसारखंच! घरघरीच्या मध्ये पत्ता नाही.

कागदोपत्री

मग हे वाक्य वकिलांना शब्दशः पाठवा. पत्रात ते तुमच्यावर उल्लंघनाचा आरोप करताहेत म्हणजे 'संदेश' या शब्दात ते घरघर आणि मागचा पत्ता दोन्ही धरताहेत. तसं धरलं तर पॉक्सॅगमध्येही 'इ' आहे. अरुंद अर्थ घेऊन पॉक्सॅगमधून निसटायचं म्हटलं तर तुमचा सेन्सरही क्लेमच्या बाहेर जातो. नंतर आलं तर जे उल्लंघन ठरतं, ते आधी असलं तर पेटंट पाडतं, हे सूत्र अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १८८९ च्या पीटर्स निकालापासून चालत आलंय. दोन वेगळे अर्थ दोन ठिकाणी वापरता येत नाहीत.

अर्धझोप

मी सेन्सर नेटवर्कवर संशोधन केलंय. 'ई' सकट हवं असेल तर २००२ मध्ये बघा. त्या एका वर्षात या विषयावर झुंबड उडाली होती.

पहिला कागद स्टेम नावाच्या पद्धतीचा. मोबाइल संगणनाला वाहिलेल्या आयईईईच्या ट्रान्झॅक्शन्स या नियतकालिकाचा अगदी पहिला अंक, जानेवारी ते मार्च २००२. तिथे प्रत्येक नोडवर, म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक सेन्सरवर, दोन रेडिओ आहेत. एक नुसतं उठवण्यासाठी, तो ठरावीक अवधीने थोडा वेळ ऐकतो. दुसरा माहितीसाठी, तो एरवी बंद. उठवणारा नोड छोट्या बीकन पाकिटांची रांग सोडतो आणि प्रत्येक पाकिटात ज्याला उठवायचं त्याचा पत्ता असतो. लक्ष्य नोडला पाकीट सापडलं की तो उत्तर देतो आणि मग दोघं माहितीचा रेडिओ चालू करतात. अ, इ, ई स्वच्छ. दोन रेडिओ असल्याने बिघडत नाही ना, कागदोपत्री?

'आ' बद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. बीकनची रांग उत्तर येताच थांबते. लक्ष्य नोड लवकर उठला तर रांग झोपेच्या अवधीहून छोटीच राहते. 'जास्त काळ पाठवला जातो' हे शब्द काटेकोर धरले तर इथे ते वाद घालतील. त्याच गटाने नुसत्या टोनने उठवण्याचा प्रकारही मांडला होता. तो टोन पुरेसा लांब असतो, पण त्यात पत्ता नसतो आणि आसपासचे सगळेच उठतात.

दुसरा कागद त्याच वर्षीच्या न्यूयॉर्कच्या आयसीसी या संदेशवहनावरच्या परिषदेतला, 'अलोहा विथ प्रीॲम्बल सॅम्पलिंग'. नावातच सगळं आलं. नोड ठरावीक अवधीने वाहिनी चाखून बघतो, पाठवणारा त्या अवधीएवढा लांब प्रीॲम्बल लावतो, मागून पाकीट. सेन्सर नेटवर्कमध्ये ही युक्ती इतकी थेट मांडलेली, बी-मॅकच्या दोन वर्षं आधी. चैत्रपालवी, तुमच्या आठ रात्रींचा तक्ता फेकू नका. बी-मॅकच्या निबंधाच्या शेवटी जी संदर्भांची यादी आहे, ती त्या तक्त्याच्या उजव्या बाजूला ठेवून मागे मागे जा. लेखक स्वतःच सांगतात की ही कल्पना कुणाकडून आली.

मोबिकॉम परिषदेतला २००२ चा 'वेक ऑन वायरलेस' सुद्धा चाळून ठेवा. त्यात आयपॅकसारख्या हातातल्या संगणकाला कमी विजेचा दुसरा रेडिओ जोडून वायफाय कार्ड पूर्ण बंद ठेवलंय. तुमच्या क्लेमशी तो तितका जुळत नाही, पण 'झोपलेल्याला रेडिओवरून उठवणं' ही गोष्ट तेव्हा किती सर्रास होती ते दाखवायला उपयोगी पडेल. पाकिटातच पत्ता घालून प्रीॲम्बल तुकड्यातुकड्यांत पाठवणारं एक्स-मॅक मात्र २००६ चं. ते मोहात पाडतं, त्याला हात लावू नका.

कागदोपत्री

दोन रेडिओंनी बिघडत नाही. क्लेममध्ये 'यांचा समावेश असलेली' अशी उघडी शब्दरचना असेल तर जुन्या कागदात जास्तीचं काही असलं तरी चालतं. कमी असून चालत नाही.

मला आता रचना अशी दिसतेय. पहिला आधार अलोहाचा निबंध. त्यात 'ई' कोणत्या परिच्छेदात येतो ते ओळीसकट नोंदवा. दुसरा पॉक्सॅग आणि स्टेम एकत्र: लांब हाक पॉक्सॅगची, उत्तर स्टेमचं. जोडायचं कारण हवं असेल तर पेजरच्याच जगात आहे. १९९५ मध्ये बाजारात आलेला मोटोरोलाचा टँगो पेजर रिफ्लेक्स पद्धतीने उलट उत्तर द्यायचा. ती पद्धत घड्याळावर चालते म्हणून 'आ' साठी निरुपयोगी, पण ऐकणाऱ्या यंत्राने पोच द्यावी ही इच्छा त्या क्षेत्रात होतीच, एवढं ती नक्की सांगते.

काटाहलला यांना एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्या बाकावरचा काटा, स्कोपची चित्रं, तो बिघडलेला लॉट, हे सगळं न्यायालयात साक्ष म्हणून मोलाचं ठरू शकतं. पण पेटंट कार्यालयात पुनर्परीक्षण किंवा इंटर पार्टीज रिव्ह्यू (दिलेलं पेटंट रद्द करा म्हणून कार्यालयातच होणारी सुनावणी) मागायचं असेल तर तिथे फक्त पेटंटं आणि छापील प्रकाशनं चालतात. प्रत्यक्ष पेजर टेबलावर ठेवून चालत नाही, शिफारस ५८४ चालते. तिची १९९७ ची आवृत्ती, सीसीआयआर जिचा भाग होती त्या आयटीयूच्या संकेतस्थळावर सहज मिळते आणि तुमच्या तारखेला तीही पुरते. तरी १९८२ ची मिळाली तर उत्तम.

चैत्रपालवी, न्यायालयातला दावा अंगावर आला तर त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत रिव्ह्यू मागावा लागतो. पत्र म्हणजे दावा नव्हे, त्यामुळे ते घड्याळ अजून सुरू झालेलं नाही. पेटंटची मुदत आणि देखभाल शुल्क भरलंय का हेही बघा. साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी ते भरावं लागतं, नाहीतर पेटंट संपतं. पण मुदत संपली म्हणून सुटलात असं धरू नका, मागच्या सहा वर्षांची भरपाई तरीही मागता येते.

आणि इथे आणखी काही लिहिण्याआधी वकिलांना विचारा. धागा सगळ्यांना दिसतो.

चैत्रपालवी

वकिलांना विचारूनच लिहितेय.

तात्पुरता अर्ज वाचला. अकरा पानं आहेत. लांब हाकेचं वर्णन आहे, वेळेचं एक चित्रही आहे. पण पत्ता न जुळल्यास परत झोपायचं, हे त्यात कुठेच नाही. मी तीनदा वाचला, मग माझं मत न सांगता सहकाऱ्यालाही वाचायला दिला. त्यालाही सापडलं नाही. म्हणजे 'इ' ची तारीख सप्टेंबर २००५ होते का?

कागदोपत्री

तात्पुरत्या अर्जात 'इ' चा आधार नसेल तर त्या अख्ख्या क्लेमलाच सप्टेंबर २००५ ची तारीख मिळते, नुसत्या त्या तुकड्याला नाही. मग एक वर्षाची मर्यादा सप्टेंबर २००४ वर येते. ऑगस्ट २००४ चं आयएसओ १८०००-७ मानक आत येतं. ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ टॅगांना उठवायला त्यात किमान अडीच सेकंदांचा टोन आहे, मग पत्त्यासकट आज्ञा आणि टॅगचं उत्तर. बी-मॅक तरीही भक्कम मर्यादेच्या अलीकडेच राहतं, पण आता ते अर्जाच्या दहा महिने आधीचं आहे. त्याआधी शोध लावला होता हे दाखवायचं ओझं त्यांच्यावर. तुमचा तक्ता पुन्हा जिवंत झाला.

तरी पहिला आधार २००२ चाच ठेवा. ते तारखेवरून भांडतील, आणि जो कागद दोन्ही तारखांच्या आधीचा आहे त्यावर ते भांडण लागूच होत नाही.

राहिला पुरावा. अंकावर 'जानेवारी ते मार्च २००२' छापलंय एवढं पुरत नाही, तो तेव्हा लोकांच्या हाती पोचला होता हे दाखवायचं असतं. ग्रंथालयात अंक आल्याच्या दिवसाचा शिक्का आणि सूचीतली नोंद यांवर हे ठरतं. १९८६ च्या हॉल प्रकरणात जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूचीबद्ध असलेला एकच प्रबंध पुरला होता. आणि १९८९ च्या क्रोनिन प्रकरणात प्रबंध ग्रंथालयात होते, पण विषयवार सूची नव्हती, म्हणून चालले नाहीत. परिषदेच्या कार्यवृत्तालाही हेच लागू.

काटाहलला

शिफारस ५८४ ची जुनी छापील प्रत माझ्याकडे आहे. सीसीआयआरचा हिरव्या मुखपृष्ठाचा खंड, कार्यालय बंद झालं तेव्हा रद्दीत जाणार होता म्हणून घरी आणला होता. प्रीॲम्बलच्या वाक्याखाली माझी पेन्सिलची रेघ आहे, ती चालेल का?

कागदोपत्री

रेघेने काही बिघडत नाही. पण घरच्या प्रतीने 'लोकांना उपलब्ध' हे सिद्ध होत नाही, त्यामुळे ग्रंथालयाची प्रत शोधावीच लागेल. तुमची प्रत पान क्रमांक कळायला वापरू.

अर्धझोप

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ट्रान्झॅक्शन्सचे बांधीव खंड पहिल्या अंकापासून आहेत, आणि तळघरात सीसीआयआरचे हिरवे खंडही पाहिल्याचं आठवतंय. सोमवारी उघडलं की जातो. मुखपृष्ठ, आतला शिक्का, सूचीपत्र आणि निबंधाची सगळी पानं एका फाइलमध्ये स्कॅन करून चैत्रपालवींना पाठवतो. काटाहलला, ५८४ चा पान क्रमांक तेवढा आज रात्री टाकून ठेवा.